मुलांसाठी हेडफोन : वायरचा घ्यावा की वायरलेस?



पूर्वी पालकसभेत वह्या, गणवेश, दप्तराचं ओझं यावर बोलणं व्हायचं. हल्ली त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "बाई, मुलाला हेडफोन घ्यायचाय. वायरचा घेऊ की ब्लूटूथवाला?" ऑनलाइन तासिका, इंग्रजीचं श्रवण, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ, पेटी-तबल्याचा सराव, सगळ्याला हेडफोन लागतो. घरात दोन खोल्या आणि माणसं पाच असली की तर लागतोच.

माझं मत आधीच सांगून टाकते. शाळकरी मुलाच्या अभ्यासासाठी वायरचा, कानावरून बसणारा साधा हेडफोन बरा. पण हे मत आंधळेपणाने घेऊ नका. कारणं नीट कळली तर तुमच्या घरासाठी कदाचित वेगळं उत्तर निघेल. आणि या प्रश्नाच्या मागे आणखी एक, जास्त महत्त्वाचा प्रश्न लपलेला आहे, त्याकडे शेवटी येते.

आवाज कानापर्यंत येतो कसा?

वायरच्या हेडफोनमध्ये फारसं काही नसतं. फोनमधून आवाजाच्या चढउतारांप्रमाणे बदलणारा विद्युतप्रवाह निघतो, वायरीतून एका बारीक गुंडाळीत जातो, ती गुंडाळी चुंबकाजवळ असल्यामुळे पुढे-मागे हलते, तिला चिकटलेला पातळ पडदा हलतो आणि हवा कंप पावते. झाला आवाज. आपण दहावीला विद्युतधारेचे चुंबकीय परिणाम शिकवतो ना, त्याचं याहून चांगलं उदाहरण नाही. एखादा बिघडलेला हेडफोन वर्गात उघडून दाखवा, मुलं टाचा उंचावून बघतात. त्याची पिनसुद्धा जुनी आहे बरं का! एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर जी जाडजूड पिन या भोकातून काढून त्या भोकात घालायचे, तिचीच ही 3.5 मिलिमीटरची धाकटी बहीण.

वायरलेसमध्ये शेवटची गुंडाळी आणि पडदा तेच. मधला प्रवास मात्र लांबतो. फोन आधी आवाजाचं आकड्यांतलं रूप आकसून लहान करतो, त्याचे तुकडे करतो आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवरून पाठवतो. याच पट्ट्यात वायफायही असतं, मायक्रोवेव्ह ओव्हनही. गर्दीत टक्कर होऊ नये म्हणून ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा आपली जागा बदलतं. कानातल्या त्या शेंगदाण्याएवढ्या वस्तूत मग रेडिओ, छोटासा संगणक, ॲम्प्लिफायर आणि बॅटरी असं सगळं कोंबलेलं असतं. (ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड ब्लूटूथ राजावरून आलं. मुलांना सांगा, ती विसरत नाहीत.)

या लांबलेल्या प्रवासातूनच वायरलेसचे बहुतेक तोटे येतात.

उशीर

आकसणे, पाठवणे, जुळवणे आणि पुन्हा उलगडणे यात वेळ जातो. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये तो साधारण 0.1 ते 0.3 सेकंद असतो. एवढ्याने काय बिघडतं? व्हिडिओ बघताना काहीच नाही, कारण ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. ओठ आणि शब्द जुळतात.

पण मूल कीबोर्ड वाजवत असेल तर? आवाज हवेत सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 0.2 सेकंद उशीर म्हणजे आपण वाजवलेला सूर आपल्याला जवळपास 70 मीटरवरून, मैदानाच्या पलीकडच्या टोकाकडून ऐकू आल्यासारखं. मध्य लयीत मिनिटाला 120 मात्रा धरल्या तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यातले 0.2 सेकंद गेले तर ठेका राहील का? मोबाइलवरच्या तबला किंवा पियानो ॲपवर सराव करणारं मूल "मला जमतच नाही" म्हणून रडकुंडीला आलं असेल तर आधी त्याच्या कानातलं ब्लूटूथ काढा आणि मग बघा. इथे वायरच हवी, दुसरा पर्याय नाही.

बोलायला लागलं की आवाज का बिघडतो?

हा अनुभव ऑनलाइन तासिका घेणाऱ्या अनेकांना आला असेल. ब्लूटूथवर गाणं छान वाजतं, पण मीटिंगला जोडलं आणि माइक सुरू झाला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा. हेडफोन खराब नसतो. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्याची एक रीत आहे आणि ऐकणं-बोलणं दोन्ही एकाच वेळी करण्याची वेगळी, फोनकॉलसारखी रीत आहे. दुसऱ्या रीतीत दोन्ही दिशांना जागा वाटून द्यावी लागते, म्हणून आवाजाचा दर्जा उतरतो. 'श', 'ष', 'स' मधला फरक ज्या बारीक उच्च स्वरांत असतो, तेच आधी कापले जातात. भाषेच्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं. शुद्ध उच्चाराचा पाठ घ्यायचा आणि मुलाला 'स' नीट पोचतच नाही, असं व्हायला नको. नव्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ही अडचण कमी होते आहे, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही नवे लागतात.

उपाय सोपा आहे. ऐकायला ब्लूटूथ ठेवायचंच असेल तर माइक मात्र फोनचा किंवा लॅपटॉपचा निवडा. किंवा सरळ वायर लावा. पाठाचं रेकॉर्डिंग करताना तर वायरवाला माइकच वापरा.

शाळेचा संगणक कक्ष

इथे वाद घालण्यातही अर्थ नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा ब्लूटूथ नसतंच. असलं तरी वीस मुलांनी एकाच खोलीत एकदम जोडणी करायला घेतली की कोणाचा हेडफोन कोणाच्या संगणकाला चिकटेल, सांगता येत नाही! तासाची पंधरा मिनिटं "बाई, माझं जोडत नाही" यातच जातात. शिवाय वीस हेडफोन रोज चार्ज कोण करणार? वायरचा लावला की लागला.

खरेदी करताना एक बघा. जुन्या संगणकाला हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात, एक ऐकायला आणि एक माइकला. मोबाइलच्या हेडफोनला एकच पिन असते आणि तिच्यावर तीन काळ्या रेघा असतात. अशा पिनेला दोन भोकांत विभागणारा छोटा जोड बाजारात मिळतो. तो न घेता हेडफोन आणले की ऐकू येतं पण बोलता येत नाही, आणि दोष विनाकारण संगणकाला दिला जातो.

पैसा आणि आयुष्य

वायरचा हेडफोन बहुधा एकाच कारणाने मरतो : पिनेजवळ किंवा जिथे वायर दोन कानांसाठी फुटते तिथे ती आतून तुटते. मुलं वायर फोनभोवती करकचून गुंडाळतात, ती सवय मोडली तर आयुष्य वाढतं. थोडं झाळकाम येत असेल तर दुरुस्तीही होते.

इअरबड्सचं तसं नाही. आतली लिथियम बॅटरी जेमतेम 40-50 मिलिॲम्पिअर-अवरची असते, रोज भरली-रिकामी झाली की दोन-तीन वर्षांत तिचा दम जातो, आणि बहुतेकांत ती बदलता येत नाही. मग अख्खी वस्तू ई-कचऱ्यात. त्याआधी एक कानातली हरवतेच. मुलांच्या बाबतीत तर मी हे गृहीतच धरते. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर आणखी सावध राहा, ती वस्तू थेट तोंडात जाऊ शकते. मान ठेवून बसणारा नेकबँड हा मधला मार्ग आहे. हरवत नाही आणि चार्जिंगही जास्त टिकतं. उशीर आणि माइकची तक्रार मात्र त्यालाही लागू.

वायरचीही एक अडचण खरी आहे. 2016 साली ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनचं भोक काढलं, हळूहळू इतरांनीही. आता कित्येक फोनना टाइप-सी हे एकच भोक असतं, त्यामुळे हेडफोन लावला की चार्जिंग बंद. जोडपिन घेतली तरी प्रत्येक जोडपिन प्रत्येक फोनला चालत नाही. आपला फोन दुकानात नेऊन तिथेच लावून बघा.

मग वायरलेस कोणाला?

फिरत-फिरत शिकवणाऱ्या शिक्षकाला. कवायत, योगासनं, नृत्य यांचा सराव करताना. कुबड्या किंवा चाकांची खुर्ची वापरणाऱ्या मुलाला, जिथे लोंबती वायर अडकू शकते. अगदी लहान मुलांनाही, कारण लांब वायर गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचा धोका असतो. लहानग्याला वायरचा दिलाच तर मोठं माणूस शेजारी हवं.

"पण त्या लहरी मेंदूला घातक असतात ना?" हा प्रश्न आजीआजोबा हमखास विचारतात. ब्लूटूथ इअरबड्सची ताकद काही मिलिवॅट इतकीच असते. फोन कानाला लावून बोलताना त्याहून कितीतरी जास्त ताकदीच्या लहरी डोक्याजवळ असतात. शिवाय या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू फोडणाऱ्या नाहीत. वायरलेस नाकारायला वर दिलेली कारणं पुरेशी आहेत, हे आणखी जोडायची गरज नाही.

आता तो मागे ठेवलेला प्रश्न

कानाला वायर दिसत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात : आवाज किती मोठा आणि किती वेळ.

आपल्या आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानामागे सुमारे 15 हजार केसपेशी असतात. आवाजाने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाने त्या दमतात, सतत झालं तर मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दुधाचे दात पडले की दुसरे येतात, इथे ती सोय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे. मोठ्यांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. मुलांसाठी 75 डेसिबल, आठवड्याला 40 तास. आणि नियम असा की आवाज दर 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. हे गणित वर्गात सोडवून घ्या : 75 ला 40 तास, 78 ला 20, 81 ला 10, 84 ला 5 तास. लक्षात घ्या, हे आठवड्याचे तास आहेत, दिवसाचे नव्हेत.

आता दुकानातला 'मुलांसाठी सुरक्षित, कमाल 85 डेसिबल' असं लिहिलेला खोका हातात घ्या. पूर्ण आवाजावर ठेवला तर याच गणिताने आठवड्याला जेमतेम 4 तास होतात. म्हणजे रोज पाऊण तासही नाही! मर्यादा असलेला हेडफोन घेणं चांगलंच, पण त्यामुळे बटण वरपर्यंत फिरवायची परवानगी मिळत नाही.

आवाज मुलं का वाढवतात? बहुतेकदा आजूबाजूचा गोंगाट झाकायला. घरात टीव्ही चालू, बाहेर रिक्षा, एसटीत इंजिनाची घरघर. म्हणून कान पूर्ण झाकणारा हेडफोन हवा, मग कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतं. इथे महागड्या वायरलेसमधली गोंगाट दाबण्याची सोय खरंच कामाची आहे, तिचं श्रेय तिला द्यायला हवं. पण तीच रस्त्यावर, सायकलवर हॉर्नही दाबते.

आणि वायरलेसचा माझ्या मते सगळ्यात मोठा तोटा कुठल्याच खोक्यावर लिहिलेला नसतो. तो कानात आहे हे विसरायला होतं. वायर अडते, खेचली जाते, उठताना काढावी लागते. तेवढीच कानाला सुट्टी. इअरबड्स जेवताना, झोपताना, केसांखाली लपून तासिकेलासुद्धा कानात राहतात. तासांची बेरीज कोणी करत नाही.

घरी करता येईल असं : फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाची कमाल मर्यादा लावण्याची सोय असेल तर ती लावून टाका. नसेल तर आवाज 60 टक्क्यांच्या खाली ठेवा. मूल ऐकत असताना हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ऐकू गेली नाही तर आवाज जास्त आहे. दर अर्ध्या-पाऊण तासाने हेडफोन काढायला लावा. आणि इअरफोन भावंडांनी एकमेकांचे वापरू नयेत, कानाचा संसर्गही वाटला जातो.

शिक्षकांनी वर्गात थोडं लक्ष ठेवावं. श्रुतलेखनात 'स', 'फ', 'थ' सारखी अक्षरं सतत चुकणारं, पुन्हा पुन्हा "काय?" विचारणारं, मागच्या बाकावर गेल्यावर गप्प झालेलं मूल दुर्लक्ष करतंय असं आपण पटकन ठरवतो. त्याला आधी पहिल्या बाकावर बसवून बघा. कानात शिट्टी वाजल्यासारखं किंवा गुणगुण होतं का, हे त्याला एकटं घेऊन विचारा. 'हो' म्हणालं तर पालकांना त्याच आठवड्यात बोलवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवा.