आवाज वाढवू नका, छताकडे बघा

नव्याकोऱ्या मंगल कार्यालयात भटजी माईकवरून मंगलाष्टकं म्हणतात आणि मागच्या रांगांना फक्त 'सावधान' तेवढं कळतं. मग कुणीतरी साउंडवाल्याला खूण करतं, वाढव. आवाज वाढतो, पण शब्द आणखीच एकमेकांत मिसळतात. दोष माईकचा नसतो. ग्रॅनाइटची फरशी, काचा आणि गुळगुळीत पीओपी आवाज जवळपास सगळाच परत फेकतात. आधीचा शब्द विरायच्या आत पुढचा त्यावर येऊन आदळतो. आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं.

याचं गणित मांडलं ते हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी. तिथल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. 1895 मध्ये ते घुमणं कमी करण्याचं काम सॅबिन यांच्याकडे आलं. सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या ते रात्री तिथे आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवून थांबवत आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजत. गाद्या वाढल्या, तसा वेळ घटत गेला. त्यातून सूत्र निघालं: घनमीटरमधलं आकारमान गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण, म्हणजे पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले शोषणाचं प्रमाण.

30 मीटर लांब, 20 मीटर रुंद, 8 मीटर उंच सभागृह घेऊ. आकारमान 4800 घनमीटर. भिंती, छत, जमीन मिळून 2000 चौरस मीटर. शोषण सरासरी 5 टक्के धरलं, तर रिकाम्या सभागृहात आवाज पावणेआठ सेकंद घुमेल. आता फक्त छताच्या 600 चौरस मीटरना 80 टक्के आवाज शोषणारं आच्छादन द्या. तोच वेळ दीड सेकंदाच्या आत येतो. भाषणाला साधारण एक सेकंद बरा. उरलेलं शोषण जमलेली माणसं करतात.

आच्छादन मात्र जाड हवं. पातळ कार्पेट वरच्या पट्टीतले आवाज शोषतं, खालची घरघर तशीच राहते. छिद्रांच्या फळ्यांमागे रॉकवूल भरलं आणि त्यामागे थोडी पोकळी सोडली, तर खालचे सूरही आवरतात. सोबत स्टेजवरच्या दोन मोठ्या स्पीकरऐवजी लोकांच्या जवळ लहान स्पीकर हळू आवाजात लावावेत. भिंतींवर कमी आवाज जातो.

हे सगळं नंतरही करता येतं, पण तोवर छतात दिवे, एसीचे डक्ट, आग विझवायचे फवारे बसलेले असतात आणि खर्च वाढतो. म्हणून फरशीचा नमुना निवडायच्या बैठकीतच आर्किटेक्टला विचारावं: रिकाम्या हॉलमध्ये आवाज किती सेकंद घुमेल? उत्तर आकड्यात मिळायला हवं.