प्रश्न न सोडवणारी मालिका

'समाजसेवक' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढं एक ठरावीक चित्र उभं राहतं. अंगात खादीचा झब्बा, खांद्याला शबनम पिशवी, पायात झिजलेल्या चपला. पदरमोड करून लोकांची कामं करतो तो समाजसेवक. निवडणुकीच्या आधी चौकातल्या फलकावर ज्याचा फोटो झळकतो, तोही समाजसेवकच! पण रीतसर शिक्षण घेतलेला, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा आणि टेबलाशी बसून लोकांची दुःखं ऐकणारा माणूस काही आपल्या या चित्रात बसत नाही.

आज मी तुम्हाला अशाच एका पगारी समाजसेवकाची गोष्ट सांगणार आहे. तो खरा नव्हता. अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी मालिकेचा तो नायक होता. मालिकेचं नाव 'ईस्ट साइड / वेस्ट साइड'. २३ सप्टेंबर १९६३ रोजी ती सीबीएस या वाहिनीवर सुरू झाली आणि २७ एप्रिल १९६४ रोजी संपली. एकूण २६ भाग. त्या काळी आपल्या महाराष्ट्रात दूरचित्रवाणी पोचलीही नव्हती. मुंबई केंद्र सुरू व्हायला १९७२ सालचा ऑक्टोबर उजाडावा लागला.

मग साठ वर्षांपूर्वीची ही परदेशी मालिका मला कुठं भेटली? २०२१ सालच्या जानेवारीत सिसिली टायसन या अभिनेत्रीच्या निधनाची बातमी वाचली. त्यात या मालिकेचं नाव होतं. माझ्या पुतण्यानं संगणकावर शोधून तिचे काही जुने भाग मला दाखवले. चित्र धूसर, इंग्रजी भरभर बोललेलं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस, चार वाक्यं समजली तर पाचवं निसटायचं. पण दुःखाला भाषांतर लागत नाही. मी बघत राहिलो.

मालिकेच्या नावापासून सुरुवात करू. न्यूयॉर्क शहरात मॅनहॅटन नावाचं लांबट बेट आहे. त्याची पूर्वेकडची बाजू ती ईस्ट साइड, पश्चिमेकडची ती वेस्ट साइड. दोन्हीकडं श्रीमंतीही आहे आणि कोंदट चाळीही. या शहरातल्या एका समाजकल्याण संस्थेचं छोटं कार्यालय हे मालिकेचं घर. तिथं नील ब्रॉक हा समाजसेवक काम करतो. ही भूमिका जॉर्ज सी. स्कॉट यांनी केली. फ्रीडा हेक्लिंगर ही त्याची वरिष्ठ. ती भूमिका एलिझाबेथ विल्सन यांची. आणि बाहेरच्या टेबलामागं बसून टंकलेखन करणारी, फोन घेणारी, आलेल्या माणसाला आधी 'बसा' म्हणणारी चिटणीस म्हणजे जेन फॉस्टर. ती सिसिली टायसन यांनी साकारली.

अशी पगारी समाजसेवा आपल्याला अगदीच परकी आहे, असंही नाही. मुंबईच्या नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवणारे अमेरिकन मिशनरी डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं १९३६ साली समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. वस्तीत राहायचं, वस्तीचं ऐकायचं, ही त्या शिक्षणाची रीत. नील ब्रॉक त्याच कुळातला.

त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर डॉक्टर होते, वकील होते, काऊबॉय तर ढिगानं होते. डॉक्टर तासाभरात रोगी बरा करायचा, वकील तासाभरात निरपराध माणसाला सोडवायचा. निर्माते डेव्हिड सस्किंड यांनी त्या रांगेत समाजसेवकाला आणून उभं केलं. आणि इथंच पंचाईत झाली. कारण समाजसेवकाकडं येणारा प्रश्न तासाभरात सुटत नाही. गरिबीवर इंजेक्शन नाही. घर नसण्यावर उलटतपासणी नाही.

याचं सगळ्यात धारदार उदाहरण म्हणजे ४ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवलेला 'हू डू यू किल?' हा भाग. 'मारायचं तरी कुणाला?' असा त्याचा अर्थ. हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत एक तरुण जोडपं मोडक्या इमारतीत राहतं. नवरा काही शिकून वर येण्याची धडपड करतोय, बायको काम करून घर ओढतेय. आणि एक दिवस त्यांच्या तान्ह्या मुलीला पाळण्यात उंदीर चावतो. बाप लेकराला उचलून रस्त्यावर धावतो. हात करतो, पण काळ्या माणसासाठी टॅक्सी थांबत नाही. मूल वाचत नाही.

यात खलनायक कोण? उंदीर? टॅक्सीवाला? घरमालक? इमारतीकडं न फिरकणारी महापालिका? बापाच्या मनात खदखदणारा संताप कुणावर ओतायचा, हेच त्याला कळत नाही. म्हणून ते शीर्षक. आणि आपला नायक काय करतो? तो त्या घरी जातो, बोलतो, गप्प बसतो, त्यांच्या दुःखाजवळ थांबतो. एवढंच. यापलीकडं त्याला काही करता येत नाही, आणि मालिका ते लपवत नाही.

आपल्याकडं १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'रजनी' आली, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्रिया तेंडुलकर पदर खोचून अन्यायाशी भांडायच्या आणि आपल्याला घरबसल्या बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याचीही गरज असते, मी ती नाकारत नाही. 'ईस्ट साइड / वेस्ट साइड' मात्र प्रेक्षकाला बरं वाटू देत नव्हती. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही केंद्रांनी उंदराचा तो भाग दाखवलाच नाही. त्याच भागासाठी दिग्दर्शक टॉम ग्राइस यांना एमी पारितोषिक मिळालं.

२ डिसेंबर १९६३ रोजी आलेल्या 'नो हायडिंग प्लेस' या भागाबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचं आहे. एका गोऱ्यांच्या उपनगरात एक सुशिक्षित, चांगल्या कमाईचं काळं जोडपं राहायला येतं. रूबी डी आणि अर्ल हायमन यांनी ते उभं केलं. शेजारी सुसंस्कृत आहेत, शिव्या देणारे नाहीत. पण घरांचे दलाल कामाला लागतात. 'एक आलं, आता दहा येतील, तुमच्या घराचा भाव पडेल, आत्ताच विका,' असं ते गोऱ्या मालकांच्या कानात सांगतात. घाबरून लोक स्वस्तात विकतात. तीच घरं दलाल काळ्या कुटुंबांना चढ्या भावानं देतात. भीती एकाची, गरज दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा! हा धंदा अमेरिकेत खरोखर चालत होता. घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा तिथं १९६८ साली झाला.

हा भाग बघताना मला माझीच एक संध्याकाळ आठवली. तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी जिल्ह्याच्या गावी आलो. एक खोली पसंत पडली. मालक साहित्याचे शौकीन. अंगणात बसून दोन कविता ऐकल्या, चहा झाला, भाडं ठरलं, डिपॉझिटही ठरलं. मग त्यांनी वही काढून नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. वही हळूच मिटली गेली. "अहो, माझं काहीच नाही हो," ते खरोखर अजिजीनं म्हणाले, "पण आजूबाजूचे काय म्हणतील?" घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "बेटा, त्यांनी चहा दिला ना? चहा लक्षात ठेव."

मी चहाही लक्षात ठेवला आणि मिटलेली वहीही. 'माझं काहीच नाही' असं म्हणणारी माणसंच मिळून एक भिंत कशी बांधतात, हे त्या मालिकेनं साठ वर्षांपूर्वी दाखवलं होतं. तिथं रंग होता, इथं नाव होतं. भिंत बांधायची रीत तीच.

अशी मालिका चालणार कशी? जाहिरातदार बिचकत होते. साबण विकणाऱ्याला आपल्या जाहिरातीच्या आधी मेलेलं मूल नको असतं. वाहिनीचे अधिकारी आणि जॉर्ज सी. स्कॉट यांच्यात खटके उडत होते. मग नायकाला थोडे अधिकार द्यावेत, म्हणजे प्रश्न सुटताना दिसतील, असा मार्ग निघाला. शेवटच्या काही भागांत नील ब्रॉक समाजसेवा सोडून एका काँग्रेस सदस्याचा सहायक होतो. जुनं कार्यालय मागं पडलं, आणि त्याबरोबर तिथल्या दोघीही. तरी एका हंगामातच मालिका बंद पडली.

तेव्हा हिशेब मांडणाऱ्यांनी तिला अपयशी ठरवलं असेल. पण त्या कलावंतांच्या पुढच्या वाटा बघितल्या की हा हिशेब अपुरा वाटतो.

स्कॉट यांचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' हा चित्रपट मालिका सुरू असतानाच, १९६४ सालच्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्यात ते युद्धपिपासू सेनापती होते. एकाच महिन्यात पडद्यावर सेनापती आणि घरातल्या टीव्हीवर समाजसेवक! पुढं 'पॅटन' या १९७० सालच्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर जाहीर झालं आणि ते त्यांनी सरळ नाकारलं. कलावंतांनी एकमेकांशी शर्यत लावावी, हेच त्यांना पटत नव्हतं. १९९९ साली ते गेले. एलिझाबेथ विल्सन यांना 'द ग्रॅज्युएट'मध्ये नायकाची आई म्हणून जगानं पाहिलं. १९७२ साली त्यांना रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार मिळाला. २०१५ साली त्यांचं निधन झालं.

उंदराच्या भागातला तो बाप कोण होता, ठाऊक आहे? जेम्स अर्ल जोन्स. 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज आणि 'द लायन किंग'मधल्या मुफासाचा आवाज त्यांचाच. हा माणूस लहानपणी तोतरेपणामुळं कित्येक वर्षं जवळजवळ मुका राहिला होता. शाळेतल्या एका शिक्षकानं त्याला त्याचीच कविता वर्गापुढं म्हणायला लावली आणि त्याची वाचा मोकळी झाली. कवितेनं कुणाचं भलं होतं का, असं आम्हा कवींना नेहमी विचारलं जातं. मी आता हे उदाहरण देतो. २०२४ सालच्या सप्टेंबरमध्ये ते गेले. आईचं काम करणाऱ्या डायना सँड्स यांना मात्र आयुष्यानं वेळ दिला नाही. १९७३ साली, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

राहिली टेबलामागची जेन. सिसिली टायसन यांचा जन्म १९२४ चा. आईवडील वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावरून आलेले. त्या न्यूयॉर्कमध्येच वाढल्या. अभिनयात येण्याआधी रेडक्रॉसच्या कार्यालयात त्या खरोखरच टंकलेखनाचं काम करत होत्या. नाटकात जाते म्हटल्यावर धार्मिक वृत्तीच्या आईनं त्यांना घराबाहेर काढलं होतं.

त्या काळी अमेरिकन टीव्हीवर काळी बाई दिसायची ती बहुधा मोलकरीण म्हणून. जेन फॉस्टर कार्यालयात बसत होती, नीटनेटकी, शांत, बरोबरीनं बोलणारी. आणि तिचे केस होते तसे, नैसर्गिक, आखूड कुरळे. काळ्या बायकांनी केस तापवून सरळ करायचे, ही तेव्हाची शिस्त. टायसन यांनी ती मोडली. त्यावर कौतुकाची पत्रं आली, तशी रागाचीही आली. जेनला कथानकात फारसं काम नव्हतं, हे खरं आहे. पण दर सोमवारी रात्री दहा वाजता ती त्या खुर्चीत बसलेली दिसत होती. घरोघरच्या मुली ते बघत होत्या.

पुढं त्यांनी ठरवलं, ज्या भूमिकेनं आपल्या माणसांची मान खाली जाते ती करायची नाही. त्यापायी वर्षं रिकामी गेली. १९७२ साली 'साउंडर' आला, ऑस्करचं नामांकन मिळालं. १९७४ साली 'जेन पिटमन'. त्यात गुलामगिरीत जन्मलेल्या एका स्त्रीचं एकशेदहा वर्षांपर्यंतचं आयुष्य त्या जगल्या. ही दुसरी जेन! २०१३ साली, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला, २०१६ साली राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक, २०१८ साली सन्माननीय ऑस्कर. २६ जानेवारी २०२१ रोजी त्यांचं आत्मचरित्र प्रकाशित झालं आणि दोनच दिवसांनी, ९६ व्या वर्षी, त्या गेल्या. आपलं म्हणणं पूर्ण सांगून उठावं, तशा.

मित्रहो, समाजसेवेचं आणि अशा मालिकेचं काम सारखंच आहे. आज केलेल्या कामाचं फळ आजच्या तारखेला जमा होत नाही. नील ब्रॉकनं एकही वस्ती बदलली नाही. उंदीर तिथंच राहिले. पण पडद्यावर टेबलामागं बसलेल्या त्या बाईनं लाखो घरांत न बोलता एक गोष्ट नेऊन ठेवली, की ही खुर्ची माझीही आहे.

माझ्याबाबतीत म्हणाल, तर त्या गावात मला पुढं खोली मिळाली. दुसऱ्या एका घरी. तिथल्या मावशींनी आधी नाव विचारलं नाही. "जेवलास का?" एवढंच विचारलं. नाव नंतर कळलं, तेव्हा म्हणाल्या, "मग शिरखुर्मा कधी?" मी तिथं अकरा वर्षं राहिलो. त्या बाईंनी समाजकार्याची कुठलीही पदवी घेतलेली नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)