अजिंठ्याचं जहाज, चाळीसपट लहान

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभट शिडं, दोन्ही टोकं उंच उचललेली, नाळेवर डोळा काढलेला, मागे सुकाणूचं काम करणारी वल्ही आणि रांगेत मांडलेले घडे. चित्र पाचव्या शतकातलं. जहाज एकाच बाजूने दिसतं. त्याचा तळ पाण्याखाली आहे आणि रुंदी किती ते चित्रकाराने सांगितलेलं नाही.

या चित्रावरून खरंखुरं, समुद्रात जाणारं जहाज बांधायचं ठरलं. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची होडी इनोव्हेशन्स यांच्यात करार झाला आणि सप्टेंबरात जहाजाचा कणा ठेवला गेला. केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली कारागिरांनी एकेक फळी काथ्याच्या दोरीने शिवली आणि सांधे नैसर्गिक राळेने बुजवले. २१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज नौदलात दाखल झालं. नाव मिळालं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं, तेही इंजिनाशिवाय.

करार आणि जलावतरण यांच्या मध्ये आणखी एक जहाज होतं. बातम्यांमध्ये त्याला एखादं वाक्य मिळालं, पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट तीच. ते होतं आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात पाण्यावर तपासलेलं लहान मॉडेल. नकाशा नाही, अवशेष नाहीत, तशा जातीचं एकही जहाज जगात शिल्लक नाही. मग हे तरंगेल, डोलेल, पुन्हा सरळ होईल याची खात्री द्यायची कोणी? त्या लहान जहाजाने दिली.

कलबुर्गी, बिदर आणि सोलापूरच्या आम्ही काही हौशी मंडळींनी याच जहाजाचं १:४० प्रमाणातलं मॉडेल हाती घेतलं आहे. चहूकडे तुरीची शेतं, समुद्र कुठल्या कुठे, तुम्हाला जहाजाचं काय पडलंय, असं लोक विचारतात. पण १३४७ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, बहमनी गादी स्थापन झाली, तेव्हापासून या दख्खनी राजवटीचा घोडा समुद्रावरूनच यायचा. चौल आणि दाभोळ ही तिची बंदरं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी हॉर्मुझहून निघाला तो घोड्यांनी भरलेल्या जहाजातून, वाटेत मस्कतला थांबून चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला आला. हॉर्मुझची जहाजं खिळ्यांऐवजी नारळाच्या काथ्याने शिवलेली असतात, हे मार्को पोलोने त्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं. आमच्या किल्ल्यातल्या पागेचं नातं अशा शिवलेल्या जहाजांशी आहे.

आता ४० पट लहान करणं म्हणजे नेमकं काय, ते पाहू. कौंडिण्य सुमारे २० मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद आहे. मॉडेल होतं ५० सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद. इथपर्यंत सोपं आहे. पण लांबी ४० पट घटली की शिडांचं क्षेत्रफळ १,६०० पट घटतं आणि आकारमान, म्हणून वजनही, ६४,००० पट. वाऱ्याचा रेटा शिडाच्या क्षेत्रफळावर बसतो, तर कललेलं जहाज सरळ करणारी ताकद वजनातून येते. वजन जास्त वेगाने घटलं आणि वारा मात्र तेवढाच राहिला. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर तलावावर संध्याकाळी ताशी १८ किलोमीटरचा साधा वारा असला, तर आमच्या मॉडेलसाठी तो किती? वेगाचं प्रमाण लांबीच्या वर्गमुळाने बदलतं. ४० चं वर्गमूळ साधारण ६.३, म्हणजे तो वारा मूळ जहाजाला ताशी ११४ किलोमीटरने झोडपणाऱ्या वाऱ्यासारखा झाला. हवामान खात्याच्या भाषेत हे तीव्र चक्रीवादळ. हुबेहूब बनवलेलं शिडाचं मॉडेल पाण्यात सोडताच आडवं होतं, ते याच कारणाने. पाण्यावर चालवायची मॉडेल्स करणारे लोक तळाला लांब पट्टी आणि तिच्या टोकाला शिसं लावतात, मूळ जहाजाला ते नसलं तरी.

वर्गमुळाचा हा नियम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने मॉडेलच्या प्रयोगांनी पक्का केला. १८६७ च्या सुमारास त्याने ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन घाटांची ३, ६ आणि १२ फुटी मॉडेल्स डार्ट नदीत ओढून पाहिली. एक घाट निमुळत्या टोकाचा, दुसरा बोथट. एका वेगाला एक सरस ठरायचा, दुसऱ्या वेगाला दुसरा. पण वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला की लहान आणि मोठ्या मॉडेलभोवती उठणाऱ्या लाटा सारख्याच आकाराच्या दिसत. फ्रूडचं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. पाण्याचा चिकटपणा या नियमात बसत नाही हे ओळखून त्याने घर्षणाचा हिस्सा वेगळा काढला आणि तो स्वतंत्रपणे हिशेबात धरला. मग ‘ग्रेहाउंड’ हे खरं जहाज समुद्रात ओढून आपलं गणित ताडून पाहिलं. १८७२ मध्ये टॉर्की इथे त्याने ओढ-चाचणीचा तलाव उभारला. त्याची मॉडेल्स मेणाची असत. घाट पटला नाही की तासायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा.

चिकटपणासारखाच पृष्ठताणही आकसत नाही. स्वच्छ पाण्यावरची कुठलीही लाट सेकंदाला २३ सेंटिमीटरपेक्षा हळू जाऊच शकत नाही. त्यामुळे जी वस्तू याहून सावकाश सरकते तिच्या मागे लाटांचा माग उमटत नाही. मूळ जहाज ४ नॉट वेगाने चाललं तर आमच्या मॉडेलचा समतुल्य वेग सेकंदाला ३३ सेंटिमीटर होतो, मर्यादेच्या जेमतेम वर. मूळ जहाज अडीच नॉटवर आलं की मॉडेल लाटाच उठवत नाही, खरं जहाज मात्र उठवत असतं. म्हणून प्रयोगशाळेत मॉडेल काही मीटर लांबीचं घेतात. अर्ध्या मीटरच्या मॉडेलने जलगतीच्या गप्पा मारू नयेत. त्याने बांधणीबद्दल बोलावं, आणि तिथे त्याच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संचांत आधी फासळ्या उभ्या करतात आणि त्यांवर फळ्या चिकटवतात. शिवलेल्या जहाजाची रीत उलटी आहे. कण्याला लागून पहिली फळी, तिच्या काठाला दुसरी, असं कवच आधी वर चढतं. फासळ्या नंतर आत बसवल्या जातात. घाट धरून ठेवणारं आत काहीच नसतं, त्यामुळे फळीचा प्रत्येक बाक स्वतःच बरोबर यावा लागतो. आम्ही कणा शहाबादी फरशीच्या घासलेल्या तुकड्यावर बसवला आहे. इतका सपाट आणि न वाकणारा पाट आमच्या जिल्ह्यात फुकटात मिळतो. सागाचे रेषे या मापाला फार जाड दिसतात, म्हणून फळ्या हळदूच्या. ५ सेंटिमीटरची फळी सव्वा मिलिमीटरची होते. गरम पाण्यात भिजवून ती बोटांनीच वळते.

शिवणीसाठी दोरा शोधायची गरजच पडली नाही. नारळाच्या काथ्याचा एक तंतू साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. ४० ने गुणलं की १० मिलिमीटरची दोरी. म्हणजे काथ्याचा सुटा तंतू हाच या मापाचा सुंभ. पिन वाइस या हातात धरायच्या बारीक पकडीत अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल बसवून फळीच्या काठालगत भोकं पाडायची, सांध्यावर बारीक चोथ्याची वात ठेवायची आणि तंतू तिरपा, मग सरळ, असा वातीवरून ओढायचा. तंतू कोरडा असला तर भोकाच्या कडेवर मोडतो. रात्रभर भिजवलेला असला तर वळतो आणि सुकताना आणखी घट्ट बसतो. तो वीतभरच लांब असल्याने गाठी फार येतात. त्या आतल्या बाजूला घ्यायच्या.

हे सगळं एकेकट्याने जमलं नसतं. आमचा शिरस्ता एवढाच आहे की काम झाकायच्या आधी दाखवायचं. डेकच्या फळ्या बसल्या की आतली शिवण दिसणार नाही, म्हणून उघड्या कवचाचे फोटो, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, एकमेकांना जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी डबा मांडीवर घेऊन सोलापूरची गाडी पकडतं. सोलापूरच्या आमच्या मित्राचं आयुष्य यंत्रमागावर गेलं आहे. शिडाचं कापड पाहताच त्याने विचारलं, “काका, इंचाला धागे किती?” साध्या मलमलीचा एकेक धागा १:४० च्या शिडावर सुतळीएवढा जाड दिसतो, हे त्याच्या नजरेने पकडलं. बिदरी काम करणाऱ्या एका कारागिराने चांदीची तार ओढायची भोकांची पट्टी वापरायला दिली. त्याच पट्टीतून बांबूची काडी ओढली की कठड्याचे एकसारखे गोल दांडे मिळतात.

अपुरं काम दाखवायची ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये युद्धनौकांची १:४८ ची मॉडेल्स करत, तेव्हा पाण्याखालचा भाग बहुधा फळ्यांशिवाय ठेवत, म्हणजे फासळ्यांची रचना पाहणाऱ्याला दिसे. ग्रिनिचच्या नौका-संग्रहालयात अशी मॉडेल्स आजही आहेत. पूर्ण झालेलं, वार्निश लावलेलं मॉडेल काचेच्या पेटीत शोभतं, पण त्यातून शिकायला फार कमी उरतं.

आमच्या मॉडेलला जे सांगताच येत नाही ते मात्र कितीही जणांनी पाहिलं तरी दिसणार नव्हतं. शिवलेलं जहाज खिळ्यांच्या जहाजापेक्षा लवतं. लाटेचा आणि किनाऱ्यावर आपटण्याचा धक्का ते अंगावर झेलतं. त्या शिवणीचं मोल यातच आहे. पण वस्तू त्याच लाकडात लहान केली की स्वतःच्या वजनाखाली येणारा बाक, तिच्या लांबीच्या मानाने, तेवढ्याच पटीने कमी होतो. १:४० चं कवच मूळ जहाजाच्या ४० पट ताठ वागतं. हातात घेतलं तर डबीसारखं घट्ट लागतं. दिसायला प्रत्येक टाका खरा, आणि टाक्याचा गुण गायब.

म्हणून आता संपूर्ण जहाज बाजूला ठेवून फक्त एक तुकडा करायला घेतला आहे. प्रमाण १:५, चार फळ्या, प्रत्येक १ सेंटिमीटर जाड, २ मिलिमीटरच्या सुंभाने शिवलेल्या. तशाच चार फळ्यांचा दुसरा तुकडा खिळे मारून. दोन्ही तुकडे दोन विटांवर टेकवून मधोमध वजनं वाढवत जायचं आणि बाक पट्टीने मोजायचा. मग दोन्ही भिजवून पुन्हा तेच, कारण काथ्या पाण्यात फुगतो आणि सांधा आवळतो असं म्हणतात. ते किती, हे आकड्यात हवं आहे. शिवलेला तुकडा सोलापुरात होतोय, खिळ्यांचा इथे. किनाऱ्याकडे कुणाच्या घरी जुन्या शिवलेल्या होडीची एखादी फळी पडून असेल, तर तिच्या भोकांमधलं अंतर आणि काठापासूनचं अंतर आम्हाला कळवावं. १:५ ला टाका कुठे घालायचा, ते त्यावरून ठरेल.