घर पाहावं आषाढात

पुण्या-मुंबईत जुना फ्लॅट घेणारं कुटुंब वकिलाकडून तीस वर्षांचा टायटल सर्च करून घेतं, दरवाजा कोणत्या दिशेला उघडतो तेही पाहतं. पण सोबत सिव्हिल इंजिनीअर नेणारे विरळाच. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे घर तपासून झालं, अशी अनेकांची समजूत असते. तो येतो घराची किंमत ठरवायला. बाथरूमची गळती शोधणं त्याच्या कामात बसत नाही.

आपल्याकडच्या घरांचा खरा वैरी पाणी. त्यामुळे घर पाहायला दिवाळीचा मुहूर्त सगळ्यात वाईट, कारण तेव्हा भिंती कोरड्या आणि रंग ताजा असतो. चार दिवस झड लागलेली असताना तेच घर पाहावं. खिडकीखालचे कोपरे, छज्ज्याच्या वरची भिंत, बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमची भिंत आणि वरचा मजला असेल तर स्लॅब, इथे ओल हमखास सापडते. सगळ्या घराला जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा असेल, तर त्या भिंतीला हात लावून पाहावा. तिथलं कपाट जरा सरकवायला सांगण्यात संकोच कसला? लाखो रुपये आपण मोजणार असतो.

बाथरूमची गोष्ट जरा गुंतागुंतीची. लाद्यांच्या फटींतून किंवा नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी आत मुरतं, खालच्या ब्रिकबॅट कोब्यात साचतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. म्हणून डाग एकीकडे आणि दोष दुसरीकडे, असं होतं. ट्रॅप बंद करून चोवीस तास पाणी साठवून ठेवणं ही जुनी, भरवशाची चाचणी. त्याहून सोपा उपाय म्हणजे खालच्या मजल्यावर जाऊन छत पाहणं. तिथल्या काकू दहा मिनिटांत जे सांगतील, ते ब्रोकर कधीच सांगणार नाही. हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची; संडास-बाथरूममधली गळती मात्र सभासदाच्या खिशातून. म्हणजे फ्लॅटबरोबर खालच्या शेजाऱ्याशी चाललेलं भांडणही विकत मिळू शकतं.

पाणी सळईपर्यंत पोहोचलं की प्रकरण गंभीर होतं. लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो. आतून फुगून तो काँक्रीट फोडतो आणि पोपडे गळू लागतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर घडतं. काँक्रीटची क्षारता टिकली आहे का, हे ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फथॅलीन शिंपडून कळतं: गुलाबी झालं तर ठीक, रंग चढलाच नाही तर सळईचं संरक्षण संपलं आहे. इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं, असं उपविधी सांगतात. तो अहवाल आणि सिंकिंग फंडातली शिल्लक, दोन्ही मागून घ्यावीत. सेक्रेटरी टाळाटाळ करत असेल, तर त्यातून काय ते समजावं.

नूतनीकरणाची हौसही तपासायला हवी. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची साईसिद्धी इमारत कोसळून 17 जणांचा बळी गेला. तळमजल्यावर काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. हॉल ऐसपैस करायला पाडलं ते काय, साधी भिंत की आणखी काही, हे इंजिनीअरकडूनच पाहून घ्यावं.

विकणाऱ्यांनीही रंगावर खर्च करण्याआधी गळती काढावी आणि वॉटरप्रूफिंगची बिलं, गॅरंटीचे कागद जपून ठेवावेत. असं घर घासाघीस न होता विकलं जाण्याची शक्यता जास्त.

राहत्या घराला फार काही लागत नाही. मेअखेर गच्चीवरची पाण्याची तोंडं साफ करावीत, लाद्यांचे सांधे भरावेत आणि विजेच्या बोर्डातल्या आरसीसीबीचं टेस्ट बटण अधूनमधून दाबावं. दाबूनही वीज गेली नाही, तर त्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलवावं.

नव्या घराला कायद्याचा आधार आहे. रेरा कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून भिंतीचे फोटो ग्रुपवर टाकून थांबू नये. तारीख घालून लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.