मर्क्युरिअलने सोबत घेतलेली लायब्ररी

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी मर्क्युरिअल ही प्रणाली २००५ साली सुरू झाली. नोंदींचा आकार आटोक्यात ठेवण्यासाठी ती झेडलिब ही माहिती दाबून लहान करणारी लायब्ररी वापरत आली. २०१७ च्या ४.१ आवृत्तीत त्याच कामाची झेडस्टँडर्ड ही अधिक वेगवान लायब्ररी तिने सोबतच दिली. त्यामुळे वापरणाऱ्याला ती वेगळी बसवावी लागत नाही, आणि तपासून घेतलेली आवृत्तीच चालते. पण मूळ लायब्ररीतल्या सुरक्षा-दुरुस्त्या आत आणण्याची जबाबदारी प्रकल्पावर येते, आणि ती लहान नाही.

अशा लायब्ररीच्या वेगाचा दावा मात्र मोजूनच करावा. मर्क्युरिअलचे ‘पर्फ’ एक्स्टेन्शन त्यासाठी एकच क्रिया पुन्हा पुन्हा चालवते. पहिल्या फेरीत माहिती डिस्कवरून येऊ शकते, पुढच्या फेऱ्यांत मेमरीतून. हा फरक नजरेआड झाला की आकडे हमखास फसवतात.