खोक्यावरचं ‘एआय’

जपानच्या नामको कंपनीने १९८० साली आणलेल्या ‘पॅकमॅन’मधली चार भुतं आजही पहिल्यांदा खेळणाऱ्याला बिलंदर वाटतात. एक पाठ सोडत नाही, दुसरं पुढून येऊन वाट अडवतं, तिसऱ्याचा नेम नसतो आणि चौथं अगदी जवळ येऊन कच खातं. यात शिकणं-बिकणं काही नाही. लाल भूत खेळाडू असलेलं घर गाठू बघतं, गुलाबी भूत त्याच्या तोंडासमोरचं चार घरं पुढचं घर धरतं, नारिंगी भूत आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. निळ्याचं गणित लाल भुताच्या जागेवरून मांडलेलं, म्हणून ते बेभरवशाचं. पण गेम बनवणारे अशा नियमांना वर्षानुवर्षं ‘एआय’च म्हणत आले, आणि शत्रूने आपल्याला चकवलं म्हणजे तो आपल्याकडून शिकतोय, हा समज त्यातूनच पक्का होत गेला. २००५च्या ‘फिअर’ या गेममधले सैनिक आडोसा धरतात, मागून येतात, एकमेकांना ओरडून सांगतात, तेही ठरावीक कृतींतून मुक्कामापर्यंतचा क्रम तिथल्या तिथे जुळवणारं गणितच आहे. कालची लढाई त्यांच्या लक्षात राहत नाही. खरोखर शिकणारी यंत्रं वेगळी. गो हा पटावरचा खेळ खेळणाऱ्या आल्फागो प्रोग्रॅमने २०१६ मध्ये नामवंत खेळाडू ली सेडोलला ४-१ असं हरवलं, पण तसा प्रतिस्पर्धी विकत घेऊन रोज मार खायला कोण बसेल? गेममधला शत्रू शेवटी हरावा यासाठीच बनवलेला असतो.

म्हणजे एकाच शब्दाच्या पांघरुणाखाली चार नियम, नियोजनाचं गणित, चित्र सुधारणारं जाळं आणि गप्पा मारणारा चॅटबॉट असं सगळं झोपलेलं आहे. सगळ्याला चमत्कार म्हणणारा विक्रेता आणि सगळ्याला थोतांड म्हणणारा हौशी गेमर, दोघंही पांघरूण न उचलताच बोलतात. ग्राफिक्स कार्डांच्या बाबतीत हे ठळकपणे दिसतं. लहान चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ मध्ये आलं तेव्हा धूसर चित्रामुळे त्याची चेष्टा झाली, आणि ती रास्त होती. २०२०च्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र चित्र पालटलं. कार्ड समजा १०८० रेषांचं चित्र काढतं, म्हणजे फोर-के पडद्याच्या चौथाई बिंदूंचं, आणि मागच्या फ्रेममधली माहिती व कोणती वस्तू कुठे सरकली याची नोंद वापरून ते मोठं करतं. तपशील हवेतून येत नाहीत, आधी खरोखर काढलेल्या फ्रेममधून येतात. वेगाने सरकणाऱ्या वस्तूमागे कधी कधी पुसट शेपूट उमटते, पण हा सौदा बहुतेकांना परवडतो. ‘एआय आहे म्हणून नको’ म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं.

खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालणाऱ्या ‘फ्रेम जनरेशन’ची गोष्ट निराळी. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी मंचावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं ५०७० कार्ड ४०९० इतकी कामगिरी देईल. ४०९० बाजारात आलं होतं १,५९९ डॉलरला. या बरोबरीमागे दर खऱ्या फ्रेममागे तीन बनवलेल्या फ्रेम धरलेल्या होत्या. कार्ड सेकंदाला ३० खऱ्या फ्रेम काढत असेल, तर दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. मधल्या फ्रेम घडवायच्या तर पुढची खरी फ्रेम हातात हवी, म्हणून तयार झालेली फ्रेम जरा अडवून ठेवावी लागते. पडद्यावर आकडा १२० दिसतो, पण माउसची हालचाल गेमपर्यंत सेकंदाला ३० वेळाच पोचते, आणि तीही किंचित उशिरा. यावर उत्तर येतं की डोळ्यांना नितळ दिसतंय ना, मग झालं. ते अर्धं बरोबर आहे. मुळात ६०-७० खऱ्या फ्रेम निघत असतील आणि गेम निवांत असेल, तर फरक सुखद असतो आणि विलंब जाणवतही नाही. अडचण अशी की ही सोय भरल्या पोटी मिळते: कार्ड दुबळं असताना, म्हणजे नेमकी गरज असताना, ती सगळ्यात कमी कामी येते. शिवाय ५०७०वर मेमरी १२ जीबी आणि ४०९०वर २४. ती कुठल्याही जाळ्याने वाढत नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर विचारायचा प्रश्न एकच: फ्रेम जनरेशन बंद ठेवल्यावर किती?

घरातल्या वस्तूंना असा भारदस्त शिक्का नवा नाही. लोत्फी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडलेलं ‘फझी लॉजिक’ पुढे वॉशिंग मशीनच्या झाकणावर मिरवलं. ‘थोडे मळके’, ‘बरेच मळके’ अशा मधल्या पायऱ्यांचं ते उपयोगी गणित. कपडे धुण्यापुरतं पुरेसं. आज त्याच जागी ‘एआय’ लिहिलेलं असतं. लॅपटॉपवरच्या ‘एआय’ शिक्क्याचं जरा वेगळं आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट-प्लस संगणकासाठी सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारी एनपीयू चिप आणि १६ जीबी रॅमची अट घातली. चिप खरी आहे. व्हिडिओ कॉलची पार्श्वभूमी पुसणं, उपशीर्षकं देणं अशी कामं ती कमी विजेत करते. पण ती असली की चॅटजीपीटी आपल्या टेबलावर चालतं, असं नाही. त्याला विचारलेला प्रश्न इंटरनेटवरून दूरच्या डेटा सेंटरमध्येच जातो.

आणि त्या डेटा सेंटरचं बिल हौशी माणसाकडेही येतं, हे ‘नको असेल तर वापरू नका’ म्हणणारे विसरतात. तिथल्या एआय चिपांना लागणारी महागडी मेमरी आणि आपल्या संगणकातली साधी रॅम बनवणाऱ्या कंपन्या त्याच दोन-तीन. एकीकडे ओढ वाढली की दुसरीकडे टंचाई. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा ‘क्रूशल’ व्यवसाय गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, आणि कारण म्हणून डेटा सेंटरमधली एआयची मागणीच पुढे केली. घरी पीसी जुळवणारे वर्षानुवर्षं ज्या रॅमच्या पट्ट्या घेत आले, त्यातलं हे एक नेहमीचं नाव. त्या पट्ट्या घेणाऱ्या कित्येकांनी चॅटबॉट कधी उघडलाही नसेल.