प्रतिपिंडांचे पाच वर्ग आणि डेंग्यूचा अहवाल

ढाणकी परिसरात पावसाळ्यात तापाचा रुग्ण डेंग्यूचा अहवाल दाखवितो, तेव्हा त्यातील आयजीएम व आयजीजी यांचा अर्थ वैद्यांस ठाऊक असावा.

प्रतिपिंडाच्या मूळ घटकात २ जड व २ हलक्या प्रथिनसाखळ्या असतात. जड साखळीवरून ५ वर्ग पडतात. आयजीएम संसर्गात प्रथम निर्माण होतो. आयजीजी दीर्घकाळ टिकतो व वारेतून गर्भास मिळतो. आयजीए लाळ व स्तन्यात असतो. आयजीई अॅलर्जी व कृमिविकारांत वाढतो. आयजीडी बी-पेशींच्या पृष्ठभागावर आढळतो.

डेंग्यूत आयजीएम साधारणतः ५व्या दिवसापासून सापडतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा एलायझा संच त्याचाच शोध घेतो. तत्पूर्वी एनएस-१ चाचणी उपयुक्त ठरते. म्हणून ३ऱ्या दिवशी आयजीएम न आढळल्यास रुग्णास निर्धास्त करू नये. ताप उतरताना तीव्र पोटदुखी, सतत वांती वा रक्तस्राव दिसल्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे.